पल्याडची डोण

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दारातली ही दगडी डोण पाहिली की बाहेरून येणाऱ्या मंडळींना वाटतं, पूर्वी इथं गुरांना पाणी पाजत असतील. आकार तसाच आहे खरा. पण या डोणीत आजवर एकाही गुरानं तोंड घातलेलं नाही. ती बारा महिने भरलेली असते, आणि देवळात येणारा प्रत्येक माणूस आधी इथं थांबतो. आत गेलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. दुसऱ्या देवळांत उपदेशकाला उभं राहायला उंच जागा असते, तशी इथं नाही. आमचे पाळक लोकांच्याच पातळीवर उभे राहतात. पौष महिन्यातल्या पहिल्या रविवारी तर तेही बोलत नाहीत. त्या दिवशी उपदेश नसतो. त्याला आम्ही सगुणाबाईचा रविवार म्हणतो.

मला इथं शिमोननाना म्हणतात. देवळाची झाडलोट आणि घंटा माझ्याकडे आहे. ही हकिकत मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकली, तिनं तिच्या सासूकडून. जशी ऐकली तशी सांगतो. बसा या पायरीवर, इथं सावली आहे.

खाली तो ओढा दिसतो ना, त्याच्या अल्याड मूळ गाव, आंबेदरा. आपण बसलो आहोत ते पल्याड. आता ओढ्यावर पूल आहे, एसटी इथपर्यंत येते, आणि पल्याड हे या वस्तीचं नावच होऊन गेलंय. पण त्या काळी पल्याड म्हणजे ज्यांना गावानं टाकलं त्यांची जागा. ज्याच्या अंगावर महारोगाचा डाग दिसला त्याला ओढा ओलांडून इकडे यावं लागे. बाई असो, बाप्या असो, कालपर्यंत ओसरीवर बसून पान खाणारा असो. एकदा ओढा ओलांडला की परत जाणं नाही. ओढ्याच्या मधोमध एक सपाट दगड होता, त्यावर घरची माणसं भाकरी ठेवत आणि मागं फिरत. ती काठावर पोचली की मग इकडचा माणूस पाण्यात उतरून भाकरी घेई. आई आणि लेक एकमेकांना असं वर्षानुवर्षं लांबून पाहत.

आता या रोगावर गोळ्या आहेत, माणूस बरा होतो, घरीच राहतो. तेव्हा काहीच नव्हतं. आणि त्या रोगाचं खरं दुःख ठणक्याचं नाही, उलटं आहे. हातापायांना काही कळेनासं होतं. चुलीवरचा तवा उचलावा, आणि कातडी जळाल्याचा वास आल्यावर कळावं की हात भाजला. काटा पायात दिवसभर राहावा आणि संध्याकाळी रक्त दिसल्यावर समजावा. इकडच्या माणसांची बोटं अशीच गेली.

त्या दिवसांत आंबेदऱ्याला रावजी उपदेशक आले. मिशननं त्यांना पाठवलं होतं. सोबत बायको सगुणाबाई आणि तारा नावाची लहान मुलगी. रावजींचा आवाज फार गोड होता म्हणे. हातात वीणा घेऊन ते प्रभूच्या गोष्टी कीर्तनाच्या ढंगानं सांगत, तेव्हा बाजाराला निघालेली माणसं ओझी खाली ठेवून ऐकत बसत. शेजारच्या गावांतून बोलावणी येत. कुणी काही शंका काढली तर रावजींकडे तिचं उत्तर तयार असे. लोक मान डोलवत, वाहवा करत आणि घरी जात. पण इतकं असून त्यांचं ऐकून एकाही माणसानं आपलं जगणं बदललं नाही. एखादं चांगलं गाणं ऐकावं तसं लोक त्यांना ऐकत.

पहिल्याच उन्हाळ्यात तारा तापानं गेली. तिच्या मातीला रावजी स्वतःच बोलले. पुनरुत्थानावर असं बोलले की खड्डा खणणारी माणसंसुद्धा कुदळी टेकवून ऐकत राहिली. घरी आल्यावर सगुणाबाई त्यांना म्हणाल्या, “तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे. पण माझे हात रिकामे झाले, त्यांचं मी काय करू?”

रावजींनी त्याचंही उत्तर दिलं. ते काय होतं ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही, असं माझी आजी सांगायची.

सगुणाबाई तशा कमी बोलणाऱ्या. त्या दिवसापासून आणखी गप्प झाल्या. रविवारी नवऱ्यामागून ओढ्यावर येत आणि मागं बसून राहत. कारण रावजींनी तेव्हा एक नवा क्रम सुरू केला होता. दर रविवारी दुपारी ते अल्याडच्या काठावर, पाण्यालगतच्या एका उंच काळ्या खडकावर उभे राहत आणि पल्याडच्या लोकांना उपदेश करत. ओढा फार रुंद नव्हता. आवाज सहज पोचे. पल्याडची माणसं आपापल्या झोपड्यांपुढं बसून ऐकत. आपल्याशी कुणीतरी बोलतंय, हेच त्यांना खूप होतं.

एका रविवारी रावजींनी महारोग्याची गोष्ट लावली. एक महारोगी प्रभूसमोर गुडघे टेकतो, तुमची इच्छा असेल तर मी बरा होईन म्हणतो, आणि प्रभू हात पुढं करून त्याला स्पर्श करतो. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला शिवतो. रावजींनी हा भाग असा रंगवला की पल्याडची कितीतरी माणसं रडायला लागली. तेव्हा ठकूबाई नावाची एक म्हातारी उठून उभी राहिली. ती चांगल्या घरची, जिभेची तिखट, आणि पल्याड सगळ्यांत जुनी होती. तिच्या दोन्ही हातांना काही कळत नव्हतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्या देवानं हात लावला म्हणता न्हवं? मंग तुमी अल्याड का हुबं?”

रावजींनी उत्तर दिलं. प्रत्येकाला देवानं वेगळं काम नेमून दिलंय, माझं काम वचन सांगण्याचं आहे, आणि मी एकदा तिकडे आलो तर गाव मला परत घेणार नाही, मग आसपासच्या गावांना कोण सांगणार. त्यात खोटं काही नव्हतं. गावानं तसं बजावलंच होतं, जो ओढा ओलांडेल त्याला विहिरीवर पाणी नाही आणि वेशीत पाऊल नाही. ठकूबाईनं ऐकून घेतलं आणि ती खाली बसली. घरी जाताना रावजी वाटभर तिच्यावर चिडून बोलत होते. घरी पोचल्यावर सगुणाबाईंनी एक जुनं लुगडं काढून धुवायला घेतलं.

पुढच्या रविवारी उपदेश सुरू असतानाच त्या उठल्या. काखेत घागर होती, खांद्यावर जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या पट्ट्या होत्या. खडकाच्या बाजूनं त्या खाली पाण्यात उतरल्या. रावजी बोलता बोलता थांबले. त्यांनी हाक मारली, एकदा हलक्यानं, एकदा मोठ्यानं. काठावर गाव जमलं होतं, तेही पाहत होतं. मधल्या दगडापाशी सगुणाबाई क्षणभर थांबल्या. मागं वळतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी फक्त लुगड्याचा ओचा वर खोचला आणि त्या पल्याड गेल्या.

त्या परत आल्या नाहीत. येऊच शकल्या नसत्या.

पल्याडच्या लोकांनाही आधी ते आवडलं नाही. ही धडधाकट बाई इथं कशाला मरायला आली, असं ते म्हणत. सगुणाबाईंनी कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळलं, निववलं, आणि ठकूबाईपासून सुरुवात केली. रोज सकाळी एकेकाचे हातपाय धुवायचे, जखमेतली घाण काढायची, पट्टी बांधायची. त्या उपदेश करत नसत. त्यांना तो करताही येत नव्हता. प्रार्थना करत तीही ओठांतल्या ओठांत, हात धुता धुता. ठकूबाईनं एकदा विचारलं, तू पुटपुटतीस काय? तर त्या म्हणाल्या, या हातांना कळू दे, एवढंच म्हणते.

रावजी अल्याडच राहिले. त्यांनी ओढा ओलांडला नाही. यावरून लोक त्यांना फार नावं ठेवतात, पण माझी आजी म्हणायची, त्या माणसाचे हालही बघा. रोज सकाळी ते स्वतः भाकरी थापत, त्या करपत, आणि तशाच फडक्यात बांधून मधल्या दगडावर नेऊन ठेवत. काठावर येऊन उभे राहत. सगुणाबाई येऊन भाकरी उचलत. दोघं एकमेकांकडे बघत, आणि जो तो आपल्या कामाला जाई. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं तेव्हा तेही थांबलं. रविवार आला की रावजी खडकावर उभे राहून बोलतच असत. पाण्याच्या आवाजात पल्याड काही ऐकू येत नसे. बाई मान खाली घालून कुणाचे तरी पाय धूत असलेली तेवढी त्यांना दिसे.

पल्याड भिवा नावाचा एक पाथरवट होता. आंबेदऱ्याच्या देवीपुढची दीपमाळ त्यानं घडवलेली, अजून आहे ती. हातात इतकी कला की दगडाला बोट लावून तो कुठं फुटेल ते सांगे. पुढं त्याच बोटांना दगड कळेनासा झाला. दगड घडवायची टाकी हातातून निसटायची आणि त्याला पत्ता नसायचा. मग अंगावर डाग दिसला आणि गावानं त्याला, त्याच दीपमाळेसमोरून, ओढ्याकडे पाठवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं झडली होती. तो कुणाशी बोलत नसे. सगुणाबाई आल्या की हात घोंगडीत लपवून बसे.

“हे हात न्हाईत, बाई,” तो म्हणे. “लाकडं हाईत. लाकडं धुऊन काय करायचं?”

सगुणाबाई वाद घालत नसत. त्याच्यापुढं पाणी ठेवून बसून राहत, पाणी अगदी गार होईपर्यंत, आणि मग पुढच्याकडे जात. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मग एकदा भिवानं घोंगडीतून हात बाहेर काढले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यानंतर रोज तसंच. त्या धूत, तो डोंगराकडे बघत राही.

पौष आला. त्या वर्षी थंडी जबर होती. पहिल्या रविवारी दुपारी सगुणाबाई घागर घेऊन निघाल्या तेव्हा त्यांची चाल जरा संथ होती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. सरपण संपलेलं, त्यामुळे त्या दिवशी पाणी उकळलेलं नव्हतं, ओढ्यातलंच होतं. अल्याड खडकावर रावजी उभे होते, उपदेश चालू होता. भिवानं हात पुढं केले आणि नेहमीसारखी मान वळवली. सगुणाबाईंनी पाणी ओतलं.

“पाणी गार हाय,” भिवा म्हणाला.

सगुणाबाईंना वाटलं, थंडीचे दिवस आहेत, सहज बोलला असेल. त्यांनी पुन्हा ओतलं. भिवानं हात मागं घेतले, आपल्याच हातांकडे पाहिलं आणि परत पुढं केले. त्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, “बाई, बोट लावा.” त्यांनी एकेका बोटाला हात लावला. प्रत्येक बोट कुठलं ते त्यानं डोळे न उघडता सांगितलं. झडलेल्या बोटांच्या थोटकांनासुद्धा कळत होतं. ठकूबाई बाजूलाच बसली होती. ती उठून जवळ आली. एकेक करत सगळी वस्ती आली.  भिवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो सगुणाबाईंचा हात दोन्ही हातांत धरून बसला होता. लहान मुलानं नवी वस्तू चाचपावी तसा तो त्यांचा तळवा चाचपत होता.

मग त्याचा चेहरा बदलला.

“बाई,” तो म्हणाला, “पाणी गार हाय. पर तुमचा हात लई तापलाय.”

सगुणाबाईंना ताप असल्याचं सगळ्यांना असं कळलं. कितीतरी दिवसांचा ताप होता, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पल्याडच्या माणसांना त्यांच्या हाताचा चटका बसतच नव्हता, तर कळणार कसं? ज्याला कळलं तो भिवा पहिला. त्या उठायला गेल्या आणि तिथंच बसल्या.

इथं डॉक्टर मंडळी येतात, ती मला म्हणतात, नाना, एकदा गेलेली जाणीव अशी परत येत नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. माझी आजी सांगायची, देवाचं सामर्थ्य पल्याड आलं ते असं आलं. एका माणसाच्या हातात जीव परत आला, आणि त्या हाताला पहिल्यांदा कळलं ते हे.

ओढ्याच्या त्या बाजूनं रावजींनी गर्दी पाहिली. मधोमध आपली बायको खाली बसलेली पाहिली. तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं. वीणा त्यांनी खडकावर ठेवली आणि ते पाण्यात उतरले. काठावरून कुणीतरी हाक मारली, मास्तर, गेलात तर गेलात. त्यांनी मागं पाहिलं नाही.

भिवाच्या झोपडीत सगुणाबाईंना निजवलं होतं. रावजी उशाशी बसले. इतकी वर्षं त्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आता त्यांनी प्रार्थनेसाठी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. देवा, एवढं म्हणून ते थांबत. पुन्हा देवा म्हणत, पुन्हा थांबत. सगुणाबाईंनी डोळे उघडले.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “बोलू नका. हात धरा.”

त्यांनी हात धरला. पुढचे काही दिवस तो सोडला नाही म्हणतात.

पल्याडची सगळी माणसं झोपडीभोवती बसून होती. त्यांनी त्या दिवसांत जशी प्रार्थना केली तशी कुणी केली नसेल. ज्यानं भिवाचे हात परत दिले तो बाईलाही उठवील, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ठकूबाई पायाशी बसली होती. ती अधूनमधून बाईंच्या कपाळावर आपला हात ठेवी, पण त्या हाताला काही समजत नव्हतं. मग ती भिवाला बोलवी आणि म्हणे, “तू बघ आन मला सांग.” भिवा कपाळाला हात लावून सांगे, तापलीय. थोड्या वेळानं पुन्हा बोलवी. पुन्हा तो सांगे, तापलीय.

एका सकाळी उन्हं झोपडीच्या दारात आली तेव्हा ठकूबाईनं त्याला पुन्हा बोलावलं. भिवानं हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“सांग की,” ठकूबाई म्हणाली.

“गार झाली,” भिवा म्हणाला.

ठकूबाईला आधी वाटलं, ताप उतरला. तिनं आभाळाकडे हात जोडले. मग तिनं रावजींकडे पाहिलं आणि तिला कळलं.

सगुणाबाईंना अल्याडच्या मातीत, त्यांच्या ताराशेजारी, जागा मिळाली नाही. गावानं परवानगी दिली नाही. त्यांची कबर इकडेच आहे, देवळामागं, चाफ्याखाली. मातीच्या वेळी पल्याडची माणसं रावजींकडे पाहत होती. त्यांनी काही बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. रावजींनी घागरीतलं पाणी घेतलं, गुडघ्यावर बसले आणि आपल्या बायकोचे दोन्ही हात धुतले. नखांत अडकलेला कडुनिंबाचा पालासुद्धा काढला. एवढंच केलं. त्या दिवशी उपदेश झाला नाही.

अल्याडच्या काठावर गाव उभं होतं. त्यात माझी पणजी होती, कोंडाबाई. रावजींचा प्रत्येक उपदेश तिनं ऐकला होता आणि प्रत्येक वेळी पदर झटकून ती घरी गेली होती. त्या दिवशी ती घरी गेली ती पेटीतलं नवं लुगडं घेऊन परत आली, आणि सरळ पाण्यात शिरली. बाईला जुन्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवू नका, एवढं म्हणून तिनं लुगडं पुढं केलं. तिच्या घरच्यांनी तिला परत घेतलं नाही. मग तिच्या मागं तिचा नवराच आला. आमचं घराणं पल्याडचं झालं ते तेव्हापासून. हळूहळू आणखी काही घरं आली. भिवाचे हात बघायला तर लांबलांबून माणसं येत, आणि बघायला आलेल्यांतली काही राहत.

रावजी मात्र मनातून मोडले होते. भिवाला हात दिलेस, मग तिला का नेलंस, हा एकच प्रश्न ते देवाला विचारत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे कशाचंच उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी पल्याडची माणसं नेहमीच्या जागी जमली. आता हात कोण धुणार, हे कुणाला माहीत नव्हतं. रावजींनी घागर घेतली आणि ठकूबाईसमोर बसले. तिचा हात धरायला ते दोनदा पुढं झाले आणि दोनदा मागं सरले. इतक्या वर्षांची भीती एका दिवसात जात नाही.

ठकूबाई म्हणाली, “घाबरू नका, मास्तर. मला काय बी कळत न्हाई.”

रावजी तिथं पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

काही दिवसांनी भिवा त्यांना म्हणाला, मला दगड पाहिजे, बाईच्या नावानं काही घडवायचंय. रावजींनी ओढ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, तो घे, मी ज्यावर उभा राहायचो तो. भिवानं खडक फोडला आणि माणसांनी दोर लावून तो ओढ्यातून इकडे ओढून आणला. मग भिवानं टाकी हातात घेतली. हाताला सवय राहिली नव्हती, फोड आले, फोड फुटले, हातोड्याचा दांडा रक्तानं भिजायचा. रावजी म्हणाले, भिवा, जरा थांब, जखमा भरू देत.

“दुखू द्या, मास्तर,” भिवा म्हणाला. “किती वर्सांनी दुखतंय.”

ही डोण अशी घडली. हात फिरवून बघा, आतून किती गुळगुळीत आहे. शेवटचा हात त्यानं टाकीनं नाही, तळव्यानंच फिरवला होता, असं सांगतात.

रावजी उरलेलं आयुष्य इथंच राहिले. रोज सकाळी याच डोणीतल्या पाण्यानं ते सगळ्यांचे हात धूत. मग कधी दोन वाक्यं बोलत, कधी तेही नाही. वीणा त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. तीही खूप वर्षं देवळात होती, पुढं वाळवीनं खाल्ली.

आता तुम्ही विचाराल की बाकीच्यांचं काय झालं. सगळेच विचारतात. बाकीच्यांना काही झालं नाही. जाणीव आली ती एकट्या भिवाला. ठकूबाईचे हात मरेपर्यंत तसेच राहिले, आणि ती पुष्कळ जगली. तिचा बाप्तिस्मा रावजींनी केला, तेव्हा अल्याडचा एक शहाणा माणूस मुद्दाम येऊन तिला म्हणाला, म्हातारे, चमत्कार झाला तो भिवाला. तुला काय मिळालं म्हणून तू ह्या देवाची झालीस? बरं, जिनं सेवा केली तीही वाचली नाही.

ठकूबाईला राग आला नाही. तिनं आपले हात उचलून त्याला दाखवले.

“माजे बी हात तिनं रोज धुतले,” ती म्हणाली. “मला कळलं न्हाई, एवढंच.”

ज्याच्या प्रार्थनेला हवं ते मिळालं नाही असा माणूस पल्याड आला, की त्याला आम्ही हे वाक्य सांगतो. दुसरं काही समजावत बसत नाही, कारण आमच्याकडे दुसरं काही नाही.

आजही पौषातल्या त्या रविवारी सगळी मंडळी डोणीभोवती उभी राहतात आणि एकमेकांचे हात धुतात. ज्याचे हात धुतले जातात त्यानं पाणी कसं आहे ते सांगायचं. पूर्वी इथं ज्यांना कळत नसे अशी माणसं होती, त्यांच्या वतीनं धुणारा सांगे. त्यांतलं शेवटचं माणूस जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण रीत मोडली नाही. आजही पल्याड कुणाच्या घरी माणूस गेलं तर कुणी समजूत घालायला बोलत नाही. शेजारी डोणीतलं तांब्याभर पाणी घेऊन येतात, घरच्यांचे हात धुतात आणि बसून राहतात.

माझी बायको गेली तेव्हा शेजारचा एलिशा आला होता. तोही तसा माझ्यासारखाच म्हातारा. त्यानं माझे हात पुढं ओढून घेतले आणि पाणी ओतलं. रीतीप्रमाणे मी सांगायला हवं होतं. मी सांगायला गेलो, आणि मला खरंच काही कळेना, ते पाणी गार आहे का कोमट, ओतलंय की नाही. एलिशानं थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्या वतीनं त्यानंच सांगितलं, माझे हात आपल्या धोतराला पुसले, आणि संध्याकाळची घंटाही त्या दिवशी त्यानंच वाजवली.